अर्धी कड

लिंबाची साल वाकडीतिकडी कशी कापायची, हे काही वस्तादांना जमत नव्हतं. चौथं लिंबू हातात होतं. सुरी त्यांनी मुद्दाम डाव्या हातात धरली होती, अंगठा चुकीच्या जागी ठेवला होता, तरी साल आपली पातळ, सलग, एकसारखी उतरत होती आणि ओट्यावर येऊन वेटोळं घालून बसत होती.

"आता?" त्यांनी साल उचलून बायकोला दाखवली.

बायकोने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.

"सुंदर झालीय. अजून बिघडवा."

"अगं, डाव्या हाताने कापली."

"मग डोळे मिटून कापा. नाहीतर द्या इकडे. माझ्या हातून आपोआप बिघडते."

तिने खरोखरच सुरी काढून घेतली आणि दोन मिनिटांत लिंबाची अशी काही दशा केली की वस्तादांना बघवेना. साल कुठे जाड, कुठे फाटकी, आतला पांढरा भाग सगळा तिला चिकटून आलेला. हे असलं ग्लासात टाकलं तर सगळं कडू होऊन बसेल, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आज तेच तर हवं होतं. त्यांनी ते तुकडे मुकाट्याने वाटीत भरले आणि आपली चार वेटोळी ओल्या फडक्याखाली सरकवून दिली. टाकून द्यायला मन होईना.

पाहुणे पाचला यायचे होते. सव्वाचार झाले होते.

नदीकाठच्या हॉटेलात एकतीस वर्षं ते बारमागे उभे होते. वस्ताद हे नाव तिथलं. वेटरपासून मालकापर्यंत सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत. घरात ते नाव कधी शिरलं नाही. घरात ते 'अहो' होते, 'बाबा' होते, आणि गेल्या रविवारपासून मॅनेजर होते.

ही बढती त्यांना लेकीने दिली होती. तिचं लग्न ठरत होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, कमी बोलणारा, जेवून उठताना स्वतःची ताटली उचलणारा. वस्तादांना तो पसंत होता. त्याची आई एका नावाजलेल्या शाळेची मुख्याध्यापिका होती. गेल्या रविवारी दुपारी लेक स्वयंपाकघरात ताटल्या पुसत उभी राहिली. ती एरवी कधी ताटल्या पुसत नसे, त्यावरूनच वस्ताद काय ते समजले.

"बाबा," ताटलीकडे बघतच ती म्हणाली, "त्यांना वाटतंय तुम्ही हॉटेलात मॅनेजर होतात."

"असं कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मी म्हटलं, बाबा हॉटेलात होते. तर त्याच्या आई म्हणाल्या, मॅनेजर का? आणि मी... मी काही बोललेच नाही."

"बरं."

"नंतर सांगेन ना मी. लग्न झालं की. सावकाश."

"बरं."

"आणि ते तुमचं संत्र्या-लिंबाचं फेसाळतं करा हं त्या दिवशी. ते सगळ्यांना आवडतं. फक्त जरा... घरच्या माणसाने केल्यासारखं करा. म्हणजे ते चमचा फिरवणं, उंचावरून ओतणं वगैरे नको."

"बरं," वस्ताद तिसऱ्यांदा म्हणाले.

'बरं' म्हणता येणं हा त्यांच्या धंद्याचा अर्धा भाग होता. पण हे तिसरं 'बरं' म्हणताना त्यांना लागलं, आणि चांगलंच लागलं. लेकीचा मात्र राग आला नाही. तिसरीत असताना तिने 'माझे बाबा' या विषयावर निबंध लिहिला होता. माझे बाबा रंगीत सरबतं करतात, असं तिने वर्गात मोठ्याने वाचलं, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं होतं, सरबतं नाही गं, दारू! सगळा वर्ग हसला होता. त्या दिवसापासून तिचे बाबा नुसते 'हॉटेलात' होते. हसणाऱ्या पोरांना कोण काय बोलणार, आणि रडणाऱ्या पोरीला तरी काय सांगणार?

त्याच संध्याकाळी वस्तादांनी आपली हत्यारं, म्हणजे शेकर, दोन तोंडांचं माप, पिळाचा लांब चमचा आणि गाळणी, एका रुमालात बांधून कपाटाच्या वर टाकली. लेक दारातून बघत होती. 

बायकोला हे सगळं अजिबात पटलेलं नव्हतं. "मी मध्ये पडणार नाही," ती म्हणाली होती. "बापलेकीने काय तो घोळ घाला." पण शेवटी तिलाच मध्ये पडावं लागलं होतं. वस्तादांचे हात फार सफाईने चालायला लागले की तिने खोकायचं, असं ठरलं होतं.

पाचला पाच मिनिटं असताना बेल वाजली.

लेक दाराकडे धावली. वस्ताद शर्टाला हात पुसत तिच्या मागे गेले. आधी होणारा जावई आत आला. मग त्याची आई, उंच, ताठ, हातात फुलं, डोळ्यांत सगळ्या वर्गावर एकदम नजर टाकायची सवय. आणि त्यांच्या मागून, पायपुसण्यावर नको इतका वेळ बूट पुसत, होणारे व्याही.

वस्तादांचा नमस्कार छातीपाशीच अडकला.

समोर 'अर्धी कड' उभी होती.

बारमागच्या माणसाने गिऱ्हाइकाचं नाव विचारायचं नसतं, म्हणून वस्ताद मनातल्या मनात प्रत्येकाला त्याच्या ग्लासावरून नाव देत. कोणी दुहेरी बर्फ, कोणी बिनसाखर. अर्धी कड हा गृहस्थ बारा वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात रोज दुपारी बरोबर तीनला यायचा. इस्त्रीचा शर्ट, टाय, मांडीवर ऑफिसची बॅग. खिडकीजवळचं टोकाचं स्टूल. पहिल्याच दिवशी त्याने हळू आवाजात सांगितलं होतं, संत्र्या-लिंबाचं ते फेसाळतं द्या, पण त्यात जिन नको, घरी वास जायला नको. साखरही नको. ग्लास मात्र इतरांच्या ग्लासांसारखा दिसू द्या.

"कडेला मीठ लावू, साहेब?"

"अर्ध्या कडेला लावा. कोणत्या बाजूने प्यायचं ते त्या त्या दिवशी बघू."

साडेपाचला तो उठायचा, टाय नीट करायचा आणि ऑफिस सुटलेल्या माणसांत मिसळून जायचा. वस्तादांनी कधी काही विचारलं नाही. चार दिवसांत सगळं लक्षात आलं होतं. वाईट दिवस असला की तो खाऱ्या बाजूने प्यायचा, हेही लक्षात आलं होतं. पुढेपुढे तर तो रोजच खाऱ्या बाजूने प्यायला लागला.

मग एका दुपारी त्याने खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "हा समोरचा पूल पाण्यापासून किती उंच असेल हो?"

वस्तादांचा ग्लास पुसणारा हात थांबला नाही.

"मोजला नाही, साहेब," ते म्हणाले. "उद्या सकाळी मोजतो आणि सांगतो. उद्या याल ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वस्ताद सुतळीचं बंडल घेऊन खरोखर पुलावर गेले. टोकाला वजन म्हणून बाटल्या उघडायचा जुना ओपनर बांधला आणि कठड्यावरून सोडला. दुपारी अर्धी कड आली.

"निम्मा मोजून झाला, साहेब. मग सुतळी संपली. उद्या नवीन घेऊन जातो."

त्यानंतरच्या दिवशी वारा फार होता. त्याच्या पुढच्या दिवशी ओपनर एका बोटीवाल्याच्या टोपीत अडकला. मग पोलिसाने हटकलं आणि नाव-गाव लिहून घेतलं. रोज नवी अडचण आणि रोज पूल निम्म्यावरच. पोलिसाच्या दिवशी अर्धी कड पहिल्यांदा हसली होती. हसताना खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, ते पुसताना बराच वेळ लागला. असे वीस-बावीस दिवस गेले आणि मार्चमधल्या एका दुपारी ते स्टूल रिकामं राहिलं. दुसऱ्या दिवशीही. नंतर कायमचंच.

वस्ताद महिनाभर वर्तमानपत्रातल्या बारक्या बातम्या आधी वाचत होते. घरी जाताना पुलावरून खाली बघायची जी सवय लागली, ती नोकरी संपेपर्यंत सुटली नाही. नुसती सुतळी पुरेशी नव्हती, अमुक बोलायला हवं होतं, तमुक विचारायला हवं होतं, असं किती वर्षं मनाला खात राहिलं.

आणि आता तो माणूस त्यांच्या पायपुसण्यावर बूट पुसत होता. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, स्वेटरचं एक बटण तुटायला आलं होतं. जिवंत होता. वस्तादांना इतका आनंद झाला की त्याला मिठी मारावी असं वाटलं.

"या, या," ते म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले.

धंद्याचा नियम होता. बाहेर कुठेही भेट झाली तरी आपण होऊन ओळख दाखवायची नाही. माणूस बारमध्ये काय सोडून गेला आहे, ते त्याच्या घरच्यांसमोर काढायचं नाही. वस्तादांनी तो नियम एकतीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. व्याह्यांची नजर त्यांच्यावरून सरकली आणि पुढे भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. त्यातही नवल नव्हतं. बारमागच्या माणसाला लोकांनी कमरेपासून वर आणि पांढऱ्या कोटातच पाहिलेलं असतं. साध्या शर्टात, पायांसकट, त्याला ओळखणार कोण?

सगळे बसले. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत अर्धीच होती, त्यामुळे ओट्यामागे उभा राहिलेला माणूस सोफ्यावरून पूर्ण दिसायचा. वस्तादांनी घर घेतलं तेव्हा त्यांना हेच फार आवडलं होतं.

"मॅनेजर म्हणजे डोक्याला ताप असेल नाही?" मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं. "एवढी माणसं सांभाळायची."

"माणसं सांभाळावी लागायची खरी," वस्ताद म्हणाले. "पण ताप पायांना जास्त. उभं फार राहावं लागायचं."

"मॅनेजरला?"

"बाबा, सोडा काढायचा ना फ्रिजमधून?" लेक एवढ्या घाईने म्हणाली की होणाऱ्या जावयाने वळून तिच्याकडे पाहिलं.

वस्ताद ओट्यामागे गेले. सहा ग्लास मांडले. जेवणाचा चमचा घेतला आणि रस सांडत सांडत मोजला. जिन ओतताना बुचकळ्यात पडल्यासारखं करत बाटली धरली. सोडा तर असा धसकन ओतला की फेस उसळून ओट्यावर आला आणि बाईंनी हौसेने "अरे अरे!" केलं. सोडा काठाने, सावकाश उतरवायचा असतो, नाहीतर त्याचा जीव ग्लासाबाहेरच जातो. वस्तादांना ते सांडलेलं बघून वाईट वाटत होतं, पण लेकीच्या खांद्यांवरचा ताण सैल पडत होता. जमतंय, त्यांना वाटलं.

पण मन थाऱ्यावर नव्हतं. कान सोफ्याकडे लागले होते. व्याही फार कमी बोलत होते. घर छान आहे, एवढं म्हणाले. वस्तादांना विचारायचं होतं, कुठे गेलात तुम्ही? काम मिळालं का? घरी सांगितलंत का? बायको बाजूला बसलीय, ती तुमच्या हातातली चिवड्याची वाटी न बघताच सरळ करते आहे, म्हणजे सगळं ठीक झालं ना? त्यांना ग्लास दिसेनासे झाले. आणि एकदा ओट्यामागे उभं राहिलं की त्यांच्या हातांना डोक्याची फारशी गरज लागत नसे.

बायको दोनदा खोकली. मग तिसऱ्यांदा, जोरात. वस्तादांनी तो खोकला ऐकला आणि ट्रे पाच बोटांवर उचलला आहे हे लक्षात येऊन चटकन दोन्ही हातांत धरला. खोकला त्यासाठीच असावा, असं त्यांना वाटलं. त्यांनी ट्रे नेला, ग्लास वाटले, आणि शेवटचा ग्लास व्याह्यांच्या हातात गेल्यावर त्यांचं त्याच्याकडे लक्ष गेलं.

त्याच्या अर्ध्या कडेला मीठ होतं. अर्धी कड कोरी. आत फडक्याखालचं, पातळ, सलग, बिनचूक वेटोळं. आणि त्यात जिनही नव्हती, साखरही नव्हती, हे न चाखताच त्यांना ठाऊक होतं.

तोंडाने पाळलेला नियम हातांनी मोडला होता.

व्याह्यांनी कोऱ्या बाजूने घोट घेतला. थांबले. ग्लास उजेडात धरला. मग तो हळूहळू फिरवून खारी बाजू ओठांशी आणली आणि दुसरा घोट घेतला.

"अय्या, यांच्याच ग्लासाला मीठ?" बाई म्हणाल्या. "आणि तेही अर्धंच?"

"मीठ कमी पडलं," वस्ताद म्हणाले.

"बघू." बाईंनी नवऱ्याच्या हातातून ग्लास घेऊन चव पाहिली. "अहो, यात दारूच नाही घातली तुम्ही!"

"विसरलो."

"साखरपण नाही!"

"तीही विसरलो."

बाई मनापासून हसल्या. होणारा जावई हसला. "मॅनेजरसाहेब," बाई म्हणाल्या, "तुमच्या बारमध्ये तुम्ही कधी पाऊल ठेवलेलं दिसत नाही." आणि मग लेकही हसली. सुटल्यासारखी, जीव भांड्यात पडल्यासारखी हसली. वस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. आपल्याला काही येत नाही हे सिद्ध झालं म्हणून आपली पोर इतकी मोकळी हसते आहे, हे त्यांना दिसलं. तरी तेही हसले. हसावं लागलंच.

व्याही तेवढे हसले नाहीत.

"मला असंच आवडतं," ते म्हणाले. ग्लास परत घेतला आणि एका दमात संपवला.

आता वस्तादांना भीती वाटायला लागली. या माणसाला काय वाटलं असेल? त्याच्या बायकोसमोर, मुलासमोर, त्याची ती दुपार आपण ट्रेमध्ये ठेवून आणली. मुद्दाम केलं, इशारा दिला, असं वाटलं असेल तर? दुसऱ्याच क्षणी मनात आलं, आता हा उठेल आणि म्हणेल, हा मॅनेजर कसला, हा तर बारवाला. आणि लेक पुन्हा तिसरीच्या वर्गात उभी राहील. वस्तादांनी रिकामा ट्रे उचलला आणि ते ओट्यामागे जाऊन उभे राहिले. दुसरी कुठली जागा त्यांना सुचली नाही.

व्याही उठले. रिकामा ग्लास हातात घेऊन ओट्यापाशी आले. कोपऱ्यात एक स्टूल होतं, ते पुढे ओढून टोकाला बसले आणि डावं कोपर ओट्यावर टेकलं. बारा वर्षांपूर्वी टेकायचे तसंच.

"अजून एक मिळेल?"

"असाच?" वस्तादांचा आवाज बारीक झाला होता.

"असाच. पण या वेळी नीट करा." ते थांबले. मग सोफ्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "आणि वस्ताद, तो पूल शेवटी किती भरला?"

या घरात ते नाव पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं.

"कोणता पूल?" बाईंनी विचारलं. "तुम्ही ओळखता यांना?"

व्याही स्टुलावरच अर्धवट वळले.

"माझी कंपनी बंद पडली होती ना, बारा वर्षांपूर्वी."

"मार्चमध्ये. त्याचं आता काय?"

"तुला मार्चमध्ये सांगितलं. नवीन काम मिळाल्यावर. बंद ती नोव्हेंबरातच पडली होती."

बाईंचा ताठपणा तसाच होता, फक्त हातातला ग्लास खाली ठेवताना टेबल कुठे आहे ते त्यांना दोनदा बघावं लागलं.

"तू तेव्हा शाळेच्या त्या भांडणात होतीस," व्याही म्हणाले. "याची बारावी होती. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. रोज तीन वाजता मी यांच्यासमोर येऊन बसायचो. दारू नाही, हेच, आत्ता चाखलंस ते."

"आणि डबा?" बाईंनी विचारलं. "डबा रोज रिकामा यायचा."

"पुलावर बसून खायचो. एक दिवससुद्धा टाकला नाही."

बाई उठल्या. वस्तादांना वाटलं, आता दाराकडे जातील. पण त्या ओट्याकडे आल्या आणि नवऱ्याच्या मागे उभ्या राहिल्या.

"मी रोज सकाळी घाई करायचे यांना," त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही. "उशीर होईल, उशीर होईल म्हणून ओरडायचे. अख्खा हिवाळा."

व्याह्यांनी मान खाली घातली. बाईंनी हात पुढे केला आणि त्यांच्या स्वेटरची बाही कोपराजवळ घट्ट धरली. मग वस्तादांकडे बघून, शाळेत विचारतात त्या सरळ आवाजात त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही मॅनेजर नव्हतात."

वस्तादांनी तोंड उघडलं. एकतीस वर्षांची सवय होती, 'बरं' जिभेवर तयारच होतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

लेक सोफ्यापाशी नव्हती. आतल्या खोलीतून स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग काहीतरी खणखणलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना कपाटावरची धूळ लागली होती आणि हातात रुमालाचं गाठोडं होतं.

"बाबा बारटेंडर होते," ती म्हणाली. चेहरा लाल झाला होता, पण आवाज अडखळला नाही. "एकतीस वर्षं. तुम्ही मॅनेजर म्हणालात तेव्हा मी गप्प बसले. त्यांनी आज मुद्दामच असं वाईट केलं, कारण मी सांगितलं होतं."

तिने गाठोडं ओट्यावर ठेवलं. गाठ घट्ट बसली होती, तिला सुटेना. बायको पुढे आली आणि दोघींनी मिळून ती सोडवली. शेकर, माप, चमचा, गाळणी. लेकीने एकेक वस्तू आपल्या ओढणीला पुसून बाबांच्या उजव्या हाताशी ओळीने मांडली. लहानपणी ती हॉटेलात यायची तेव्हा बाबा कशा मांडायचे, ते तिच्या बरोबर लक्षात होतं.

"नीट करा, बाबा," ती म्हणाली. "उंचावरून ओता."

वस्तादांना एक क्षण काही दिसेना. त्यांनी फडक्याने डोळे पुसले, मग ते लिंबाचं आहे हे लक्षात येऊन आणखी पुसले.

"मलाही यांच्यासारखंच द्या," बाई म्हणाल्या. "अर्धी कड."

"होय, बाई."

वस्तादांनी दोन ग्लास पुढे ओढले. कडेवरून लिंबाची फोड अर्ध्यापर्यंत फिरवली आणि तेवढीच मिठात टेकवली. शेकर खांद्याशी नेऊन हलवला, तेव्हा आतला बर्फ ठेक्यात वाजायला लागला आणि होणारा जावई सोफ्यावरून उठून उभा राहिला. रस हातभर उंचीवरून एका धारेत खाली आला, एक थेंब इकडेतिकडे नाही. लेक त्या धारेकडे बघत होती. बायकोला खरोखरचा खोकला आला, तो तिने पदराआड दाबला.

सोड्याची बाटली उघडून वस्तादांनी पिळाच्या चमच्यावरून सोडा सावकाश उतरवला. बुडबुडे वर यायला लागले आणि येतच राहिले.

"पुलाचं सांगितलं नाहीत," व्याही म्हणाले.

पूल किती उंच आहे, ते वस्तादांना ठाऊक होतं. पहिल्याच सकाळी पूर्ण मोजून झाला होता आणि सुतळी उरली होती. तो आकडा त्यांनी बारा वर्षांत कोणालाही सांगितला नव्हता, बायकोलाही नाही.

त्यांनी दोन्ही ग्लास पुढे सरकवले, कोरी बाजू पाहुण्यांकडे करून.

"निम्माच झालाय, साहेब," ते म्हणाले. "सुतळी संपली."

"राहू द्या मग निम्माच," बाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याची बाही अजून सोडली नव्हती.